खडकावरचे कमळ



गेल्या अंकात कुंडीतला कढीपत्ता हिवाळ्यात कसा जगवावा ते लिहिले होते. त्यावर बरेच फोन आले. कुणाचा कढीपत्ता तरला, कुणाचा गेला. ज्यांचा गेला त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. या वेळचा विषय मात्र आम्हांला एका पत्राने दिला. आपल्यातलेच एक कुटुंब मे महिन्यात डोंगर ओलांडून एलेन्सबर्गच्या बाजूला फिरायला गेले होते. तिथल्या उघड्या, खडकाळ उतारावर जमिनीला अगदी चिकटून उमललेली गुलाबी फुले त्यांना दिसली. पान नाही, फांदी नाही, नुसते फूल दगडांत ठेवल्यासारखे. फोटोही पाठवला आहे. झेरॉक्समध्ये तो काळाकुट्ट येईल म्हणून छापत नाही. वहिनींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे, "तिथे शेकड्यांनी फुलं होती. त्यातली दोन रोपं उपटून परसात लावली तर चालतील का?"

चालणार नाहीत. पण नुसते 'नाही' लिहून सदर संपवले, तर उरलेले पान भरायला संपादक आमच्याकडे पाककृती मागतील. शिवाय या 'नाही'मागे बरीच मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या घरातल्या मुलांनीही ऐकावी अशी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या फुलाचे इंग्रजी नाव बिटररूट, म्हणजे सरळसरळ कडू मूळ. शास्त्रीय नाव लुइसिया रेडिविवा. दक्षिण ब्रिटिश कोलंबियापासून कॅलिफोर्नियापर्यंत आणि पूर्वेला मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडोपर्यंत कोरड्या, खडीच्या जमिनीत आणि डोंगरउतारांवर ते आढळते. पाने म्हणजे हिरवी, मांसल, जाड दाभणे. एक-दोन इंच लांबीची, जमिनीलगत झुबक्याने येणारी. देठ जेमतेम इंचभर. त्यावर दीड-दोन इंच रुंदीचे फूल, बारा ते अठरा पाकळ्यांचे. रंग गडद गुलाबीपासून पार पांढऱ्यापर्यंत. ऊन पडले की उघडते, आभाळ आले किंवा दिवस कलला की मिटते. तळे नाही, चिखल नाही, पण रूप थेट छोट्या कमळाचे. म्हणून आम्ही घरात त्याला 'खडकावरचे कमळ' म्हणतो.

नात्याने मात्र ते कमळाचे कुणी लागत नाही. आमच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, तेव्हा एप्रिलमध्ये त्यांना तिकडे घेऊन गेलो होतो. फुले यायची होती, नुसते पानांचे झुबके होते. सासूबाई खाली बसल्या, एक पान दोन बोटांत हलकेच दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "ही घोळीच्या घरातली दिसते." वनस्पतिशास्त्राचे पुस्तक न उघडता त्यांनी जे सांगितले, तेच शास्त्रज्ञ दोनशे वर्षे सांगत होते. आपली घोळाची भाजी, दारातल्या कुंडीतला चिनी गुलाब (ज्याला आपल्याकडे 'ऑफिस टाइम' म्हणतात) आणि हे बिटररूट, सगळी एकाच कुळात मोजली जात. २००९ साली नव्या वर्गीकरणात बिटररूटची शाखा वेगळी करून तिला स्वतंत्र कुळाचा दर्जा दिला. म्हणजे सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण. वाटण्या झाल्या तरी चेहरेपट्टी कुठे जाते? पाण्याने भरलेले पान, उन्हात उघडणारे फूल आणि बारीक काळे, चकचकीत बी ही खूण दोन्ही घरांत आहे.

आता या रोपाचे वर्ष कसे जाते ते पाहू, कारण वहिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तिथेच आहे. शरद ऋतूत पावसाची चार शिंतोडी पडली की जमिनीखालच्या मुळाला पाने फुटू लागतात. ती बर्फाखाली तग धरतात. बर्फ वितळले की वाढतात आणि मिळेल तेवढे ऊन व ओलावा घेऊन मुळात साठा करतात. मग मे-जूनमध्ये, जमीन कोरडी पडू लागते तेव्हा, पाने सुकतात आणि फूल उमलते. म्हणून पाहणाऱ्याला वाटते की याला पानेच नाहीत. पुढे वाळलेले फूल बियांसकट देठापासून सुटते आणि वाऱ्याबरोबर घरंगळत जाते. वर काहीही उरत नाही. ऐन उन्हाळा हे रोप जमिनीखाली झोपून काढते. कोकणातल्या मंडळींना हे नवीन नाही. आपल्या सड्यावर कितीतरी कंद उन्हाळाभर असेच निजून असतात आणि पहिल्या पावसाला डोके वर काढतात. फरक एवढाच, की आपल्याकडे जाग येते ती मृगात आणि इथे ऑक्टोबरात.

आता आपल्या सिएटलच्या परसाचा विचार करा. हिवाळाभर रिपरिप, जमीन चिकट आणि उन्हाळ्यात आपण लॉनला सोडलेले पाणी. झोपलेल्या बिटररूटला ते पाणी मिळाले की मूळ कुजते. पूर्वेच्या कोरड्या उतारावर ज्याने उणे तापमान आणि रखरखीत उन्हाळा काढला, ते आपल्या मायेने मरते.

खरे तर या मुळाचा चिवटपणा जगप्रसिद्ध आहे. 'रेडिविवा' या लॅटिन शब्दाचा अर्थच पुन्हा जिवंत झालेली. झाले असे, की अध्यक्ष जेफर्सन यांनी पाठवलेल्या मोहिमेचा एक प्रमुख मेरीवेदर लुइस याने १ जुलै १८०६ रोजी आजच्या मोंटानातल्या लोलो गावाजवळच्या मुक्कामावर हे रोप गोळा केले. कागदात दाबून, वाळवून ते हजारो मैलांवर फिलाडेल्फियाला गेले. तिथे मॅकमॅन नावाच्या बागवानाने ती वाळकी मुळे मातीत लावून पाहिली, तर त्यांना पाने फुटली आणि रोप वर्षाहून अधिक काळ जगले. फ्रेडरिक पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१४ साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात या वनस्पतीला नाव दिले. पहिला शब्द लुइसचा, दुसरा त्या पुनर्जन्माचा. लुइस स्वतः १८०९ मध्येच वारला होता. फुलाला आपले नाव मिळालेले त्याला कधी कळले नाही.

दुसरी हकीकत लंडनच्या क्यू उद्यानातली. सीमा आखणाऱ्या सरकारी तुकडीबरोबर आलेल्या डॉक्टर लायल यांनी ब्रिटिश कोलंबियातून बिटररूट गोळा केले. हे रोप वाळता वाळत नाही, कागदातही कोंब काढते, म्हणून जीव जावा यासाठी ते उकळत्या पाण्यात बुडवून काढले. दीड वर्षाहून जास्त काळ गेल्यावर त्यात पुन्हा जीव दिसला. लावल्यावर ते वाढले आणि १८६३ च्या मे महिन्यात क्यूला फुललेसुद्धा. उकळते पाणी पचवणारे हे मूळ लॉनच्या फवाऱ्याने मरते, हे ऐकून आमच्या घरात बराच वेळ वाद झाला. पण त्यात नवल नाही. कोरडे राहायला ते शिकलेले आहे. सतत ओले राहायला शिकलेले नाही.

इथपर्यंत झाली फुलाची गोष्ट. आता मुळाची, म्हणजे नावातल्या कडूपणाची.

लुइसने फूल उचलण्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १८०५ मध्ये, त्याच्या एका माणसाने शोशोनी लोकांच्या सामानातून वाळवलेली मुळे आणली होती. त्यात हीसुद्धा होती. लुइसने ती शिजवून खाऊन पाहिली. त्याला मळमळून आले आणि त्याने उरलेली शोशोनींना परत देऊन टाकली. त्यांनी ती आनंदाने खाल्ली, असे त्याने रोजनिशीत प्रामाणिकपणे नोंदवले आहे. कारल्याची भाजी खाऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात दोष कुणाचा ते लगेच कळेल. कारले चिरून, मीठ लावून, पिळून घ्यायचे असते हे ज्याला कुणी सांगितले नाही, त्याने कारले वाईट म्हणू नये.

बिटररूटचेही तसेच तंत्र आहे आणि ते शतकानुशतके बायकांच्या हातात राहिले. मोंटानातल्या सॅलिश लोकांच्या भाषेत या मुळाचे नाव साधारण 'स्पेत्लेम' असे उच्चारतात. त्यांच्या दिनदर्शिकेत मे महिना हा बिटररूटचाच महिना. वसंतात पाने वर आली, पण फूल अजून उमललेले नाही, एवढ्या थोड्या दिवसांत ते खणायचे असते. तेव्हा मुळाची साल बोटांनी सहज सुटते. एकदा फूल आले की साल चिकटून बसते आणि कडूपणा वाढतो. साल काढायची, आतला लालसर गाभा काढून टाकायचा, कारण खरा कडूपणा त्यात असतो, मग धुऊन वाळवायचे. वाळलेले मूळ वर्ष-वर्ष टिकते. शिजवले की फुगते. मांसाबरोबर किंवा रानबोरांसारख्या फळांबरोबर खातात. पन्नास पौंडांचे पोते भरायला एका बाईला तीन-चार दिवस लागत आणि तेवढ्यात एका माणसाचा हिवाळा निघत असे, असे सांगतात. व्यापारात एका पोत्याला एक घोडा मिळे, असेही जुन्या लिखाणात येते. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे, कुरडया घालून वर्षाची बेगमी करणाऱ्या आज्या आठवल्या की या कामाचे मोल कळेल.

आणि कुणीही उठून खणायला जायचे नाही. आधी पहिल्या मुळाचा विधी होतो. वडीलधारी मंडळी प्रार्थना करतात, पहिले मूळ काढले जाते, मग सगळे मिळून जेवतात आणि त्यानंतर बाकीच्यांनी काठ्या उचलायच्या. नवान्न पौर्णिमेला नवे तांदूळ देवापुढे ठेवल्याखेरीज आपण तोंडात घालत नाही, त्याच जातीचा हा संयम.

सॅलिश लोकांत या मुळाच्या जन्माची गोष्ट सांगतात. हिवाळा लांबला, घरात अन्न उरले नाही. मुले उपाशी आहेत म्हणून एक म्हातारी नदीकाठी बसून रडू लागली. तिचे रडणे उगवत्या सूर्याने ऐकले आणि एका लाल पक्ष्याला तिच्याकडे पाठवले. पक्ष्याने सांगितले, तुझ्या आसवांतून एक रोप उगवेल. त्याच्या फुलाला माझ्या पंखांची लाली असेल आणि तुझ्या केसांचा पांढरेपणा असेल. मूळ तुझ्या दुःखासारखे कडू असेल, पण त्यावर तुझी माणसे जगतील.

मंडळी, ही गोष्ट आम्हांला आधी माहीत नव्हती. ती शोधायला लावली एका शाळकरी प्रश्नाने. आमच्या धाकटीला पाचवीत एका राज्याचा प्रकल्प करायचा होता. चिठ्ठीत मोंटाना निघाले. राज्यफूल बिटररूट. तिने चित्र काढले, खाली सुवाच्य अक्षरात लिहिले की या फुलाचा शोध मेरीवेदर लुइसने लावला, आणि ते आजीला मराठीत समजावून सांगितले. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "शोध लावला म्हणजे? त्याआधी तिथे कुणी राहत नव्हतं का?" नातीकडे उत्तर नव्हते. तिच्या पुस्तकातही नव्हते. मग आम्ही सगळेच ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथे जे वाचले ते असे.

आपल्याच आय-९० रस्त्याने पूर्वेला जवळजवळ पावणेपाचशे मैल गेले की मिसूला लागते. तिथून दक्षिणेला पसरलेल्या खोऱ्याचे नाव बिटररूट. नदी बिटररूट, पश्चिमेचे डोंगर बिटररूट. हा सॅलिश लोकांचा मुलूख. जुलै १८५५ मध्ये मिसूलाजवळ गव्हर्नर स्टीव्हन्स यांनी सॅलिश, कूटनाई आणि पाँद ओरेय या लोकांशी हेलगेटचा करार केला. उत्तरेला जोको नदीच्या बाजूला आरक्षित प्रदेश ठरला. बिटररूट खोऱ्याचे काय करायचे, ते पाहणी करून नंतर ठरवू, असे त्यात लिहिले. नीट पाहणी झालीच नाही. तरी १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी सॅलिशांनी खोरे सोडावे असा हुकूम काढला. १८७२ मध्ये पुढे अध्यक्ष झालेले गारफिल्ड वाटाघाटीला आले. सॅलिशांचा प्रमुख चार्लो याने सही करायला नकार दिला. छापून आलेल्या करारावर मात्र त्याच्या नावापुढे खूण होती. मूळ कागदावर ती नव्हती. चार्लो आणि त्याची माणसे आणखी १९ वर्षे त्या खोऱ्यात चिवटपणे राहिली. वसाहती वाढत गेल्या, शिकार संपत आली, दुष्काळ पडला. शेवटी ऑक्टोबर १८९१ मध्ये सैनिकांच्या देखरेखीखाली त्यांना सुमारे साठ मैलांवरच्या जोकोला जावे लागले.

आता पुढची तारीख पाहा. १८९४ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांनी, मोंटानात राज्यफुलासाठी मते मागवली गेली. ५,८५७ मते पडली. त्यांतली ३,६२१ बिटररूटला. फेब्रुवारी १८९५ मध्ये ते कायद्याने राज्यफूल झाले. ज्यांनी मते दिली त्यांना फूल मनापासून आवडत असणार, त्यात शंका नाही. पण ज्यांच्या तोंडी त्या मुळाची चव होती आणि ज्यांच्या भाषेत त्याचा महिना होता, त्यांना नुकतेच त्याच नावाच्या खोऱ्यातून बाहेर काढलेले होते. फुलाचा मान झाला आणि मुळाची माणसे गेली.

मिसूलाच्या सपाटीवर पूर्वी खणण्याच्या मोठ्या जागा होत्या. त्यांवर आज घरे, रस्ते आणि पार्किंग आहे. उरलेल्या माळांवर युरोपातून आलेले नॅपवीडचे तण माजले आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. सॅलिश लोक आजही दर वसंतात बिटररूट खणतात. विधी होतो, जेवण होते, लहान मुलांच्या हातात काठी दिली जाते. आणि त्या १८५५ च्या करारात एक कलम आहे, जे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. खुल्या, कुणी ताब्यात न घेतलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा, मुळे आणि फळे गोळा करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला आहे. वहिनींनी फुले पाहिली तो एलेन्सबर्गचा मुलूख याकामा लोकांचा. त्यांनीही त्याच वर्षीच्या त्यांच्या करारात जमीन सोडली, पण मुळे गोळा करण्याचा हक्क सोडला नाही. एवढे सगळे हातून जात असताना माणसांनी कागदावर मुळांचे नाव लिहून घेतले. ती किती मोलाची असतील!

म्हणजे वहिनी, तो उतार रिकामा दिसला तरी बेवारस नाही. कुणाची तरी वर्षाची बेगमी तिथे जमिनीत आहे.

"ते खणतात, मग आपण दोन घेतली तर काय बिघडलं?" असे कुणी विचारील, म्हणून सांगतो. ते खणतात ते ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या जागी, पिढ्यांच्या माहितीने आणि करारातल्या हक्काने. इतकी शतके खणूनही बिटररूट संपले नाही. ते जाते नांगराने, बुलडोझरने, तणाने, आणि "आम्ही दोनच घेतली" म्हणणाऱ्या शंभर गाड्यांनी. बीपासून रोपाला फूल धरायला काही वर्षे लागतात. उपटलेल्या रोपाची जागा सहजी भरत नाही. आपल्याकडे सह्याद्रीच्या पठारांवर कंदीलपुष्पाचे, म्हणजे खरपुडीचे, कंद गुराखी पूर्वापार खात आले. तिच्या काही जाती आज दुर्मीळ झाल्या आहेत. कास पठारावर फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना आपण इथे बसून नावे ठेवतो. तोच नियम इथे आपल्याला.

कायद्याचेही सांगून टाकतो. राष्ट्रीय उद्यानात फूलसुद्धा तोडता येत नाही. इतर सरकारी जमिनीवर रोप काढायचे तर त्या कार्यालयाची परवानगी लागते, खासगी जमिनीवर मालकाची.

मुलांबद्दलही एक विनंती. इथल्या शाळेत आपल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी "तू कुठला इंडियन?" हा प्रश्न ऐकावा लागतो. आपण घाईने "आम्ही खरे इंडियन, भारतातले" असे सांगायला शिकवतो. त्यात दुसरे कुणीतरी खोटे ठरते, हे आपल्या लक्षात येत नाही. एका खलाशाच्या गैरसमजाने दोन वेगळ्या माणसांना एक नाव मिळाले. त्यातले एक आपण, या देशात काल आलेले. दुसरे, ज्यांच्या जमिनीवर आपली घरे आहेत. मुलांना दोघांची ओळख असावी. आमच्या धाकटीने शेवटी प्रकल्पातले वाक्य बदलले. 'शोध लावला' खोडून 'लुइसने नमुना गोळा केला, सॅलिश लोक त्याआधीपासून हे मूळ खात होते' असे लिहिले. बाईंनी त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली आणि वर्गात ते मोठ्याने वाचायला लावले. सासूबाईंना फोनवर कळवले, तर म्हणाल्या, "मग! मी काय चुकीचं विचारलं होतं?"

आता वहिनींची निराशा होऊ नये म्हणून शेवटी कामाच्या चार गोष्टी.

फुले पाहायची असतील तर मे महिन्यात, लख्ख उन्हात, सकाळी उशिरा किंवा दुपारी जा. ढगाळ दिवशी गेलात तर मिटलेल्या कळ्या पाहून परत याल. पायवाट सोडू नका. फूल दिसते, पण शेजारची न उमललेली रोपे खडीत दिसत नाहीत आणि नेमकी पायाखाली येतात. फोटो काढायला गुडघे टेकण्याआधी जागा पाहा. आपल्या वारांपैकी कुणाला दमा किंवा गुडघेदुखी असेल, तर रस्त्याच्या कडेच्या उतारावरूनही फुले छान दिसतात, चढायची गरज नाही.

परसात हवेच असेल तर बिटररूटची चुलत बहीण लावा. लुइसिया कॉटिलेडन. ही दक्षिण ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरकपारींतली. हिच्या पानांचा चपटा, मांसल गुच्छ वर्षभर हिरवा राहतो आणि वसंतात गुलाबी, नारिंगी, पिवळ्या फुलांचे तुरे येतात. हिची रोपे बीपासून वाढवलेली, नर्सरीत राजरोस विकत मिळतात. घेताना ती नर्सरीतच वाढवलेली आहेत ना, एवढे विचारून घ्या.

लावायची पद्धत अशी. साध्या मातीत निम्मी बारीक खडी आणि जाड वाळू मिसळा. रोप सपाट लावू नका. दगडी बांधाच्या फटीत आडवे किंवा कुंडीत थोडे तिरपे लावा, म्हणजे पानांच्या मध्यभागी पाणी साठणार नाही. गड्ड्याभोवती खडीचा थर द्या. हिवाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली ठेवा. फुले संपल्यावर पाणी अगदी कमी करा. सासूबाई गावाला जाताना शेजारणीला झाडांना पाणी घालायला सांगतात, तसे इथे सांगू नका. या रोपासाठी शेजारणीला "पाणी घालू नकोस" असेच सांगून जायचे.

घोळ लावायला नर्सरीची गरज नाही. ती उन्हाळ्यात आपल्याच फूटपाथच्या फटींत उगवते. पण रस्त्याकडेची खाऊ नका. मेक्सिकन दुकानात 'वेर्दोलागास' या नावाने स्वच्छ जुडी मिळते. मुगाची डाळ, लसूण आणि सुकी मिरची घालून करा. म्हणजे बघा, शेवटी संपादकांनी आमच्याकडून पाककृती काढलीच.

पुढच्या अंकात उन्हाळी मेथीबद्दल लिहू. ज्यांची मेथी दरवर्षी दोन पानांवरच पिवळी पडते, त्यांनी आपापले प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवावेत. आणि वसंतात एलेन्सबर्गला दोन-तीन गाड्या मिळून जायचे असेल, तर मंडळाच्या पुढच्या सभेत नावे द्या. डबे आपले आपण आणायचे, कचऱ्याच्या पिशव्या आम्ही आणतो. परत येताना गाडीत फक्त फोटो असावेत.